बिनतारी घराचा कारभार

बदलापूर स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर, अंबरनाथपासून ६०, उल्हासनगरपासून ५८. हे अंतर रोज दोन वेळा लोकलच्या दांडीला लोंबकळत कापणारा जो नोकरदार वर्ग या तीन शहरांत वस्ती करून आहे, त्याला कुर्ला मागे पडल्यावर, म्हणजे परत फिरणे अशक्य झाल्यावर, नेमकी एक शंका येते, आणि ती म्हणजे पाण्याच्या पंपाचे बटण आपण बंद केले की नाही. ‘स्मार्ट होम’ या नावाने आज जी उपकरणे विकली जातात त्यांच्या जाहिरातींत आपोआप सरकणारे पडदे आणि रंग बदलणारे दिवे दिसतात. आमच्या भागात ही उपकरणे घरात शिरली ती बहुधा या शंकेचे बोट धरून. दिवसाचे बारा-तेरा तास मालकाविना राहणारे घर, अवेळी येणारे पाणी, अवेळी जाणारी वीज आणि दाराशी पार्सल घेऊन ताटकळणारा मुलगा, एवढा सगळा कारभार खिशातल्या मोबाईलवरून हाकता येईल असे आश्वासन मिळाल्यावर त्याला नकार देण्याइतके वैराग्य कोणाजवळ असणार?

असे उपकरण घेताना ग्राहक किंमत विचारतो, हमी किती वर्षांची ते विचारतो, मराठी कळते का हेही विचारतो. परंतु ते कोणत्या लहरींवर आणि कोणत्या रीतीने बोलते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. उल्हासनगरच्या बाजारात एका दुकानी मी तो विचारला, तेव्हा गल्ल्यावरच्या तरुणाने माझ्याकडे करुणेने पाहून, “काका, वायफाय आहे ना, ॲप टाका, झालं,” असा निकाल दिला. त्या ‘झालं’ शब्दानंतर जे काही होते, त्याचा हा आढावा आहे.

बिनतारी विद्येशी आपल्या देशाचे नाते नवे नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरींनी दूर ठेवलेली घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. ‘डोअरबेल’ नावाने आज जे खोके विकले जाते त्याची पूर्वपीठिका इतकी जुनी आहे. पुढे या लहरींवर सरकारी अंमल बसला, घरात नुसता रेडिओ ऐकायचा तरी परवाना काढावा लागे, आणि त्या परवान्यांची पुस्तके काही घरांतल्या जुन्या ट्रंकांत अजून सापडतात. घरगुती उपकरणांना खरी मुभा मिळाली ती २००५ साली, जेव्हा केंद्र सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या आत बिनपरवाना खुला केला, आणि त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा दुसरा, अरुंद पट्टाही मोकळा करून २०२१ मध्ये त्याची हद्द ८६८ पर्यंत वाढवली. आपल्या घरातील जवळजवळ सारे बिनतारी संभाषण या दोन पट्ट्यांत चालते, आणि निवड करणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यायचा भेद हाच आहे. पहिल्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसऱ्यातील सुमारे पस्तीस. आणि लहर जितकी लांब तितकी ती भिंतीतून कमी झिजून पलीकडे जाते, हा निसर्गनियम कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकाने बदलत नाही.

आता या भिंती कशा आहेत ते पाहू. कारण प्रोटोकॉलची, म्हणजे बोलण्याच्या रीतीची, निवड ही निम्मी भिंतीची निवड आहे. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील बराकींत आसरा देण्यात आला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. त्या बराकींच्या जागी आणि त्यांच्या अंगावर पुढे जी घरे उभी राहिली ती एकमेकांना इतकी खेटून आहेत, की एका घरात उभे राहून मोबाईलवर वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांची पंचवीस-तीस नावे सरसर उतरतात. अंबरनाथ आणि बदलापूर येथे परिस्थिती निराळी: तेथे सिमेंट-काँक्रीटच्या चार ते सात मजली आणि अलीकडे त्याहूनही उंच इमारती, स्लॅबमध्ये लोखंडाची जाळी, आणि गळती थांबवण्यासाठी गच्चीवर घातलेले पत्रे. एकीकडे कोलाहल, दुसरीकडे अडथळा. पहिल्या ठिकाणी लहर पोचते पण ऐकू येत नाही. दुसऱ्या ठिकाणी ऐकायला शांतता आहे, पण लहर पोचत नाही.

वायफायचा विचार प्रथम करणे भाग आहे, कारण राऊटर घरात आधीच असतो आणि दुसरे कोणतेही मध्यस्थ खोके घ्यावे लागत नाही. शांघायच्या एका कंपनीने २०१४ च्या सुमारास ईएसपी-८२६६ नावाची अतिस्वस्त चिप बाजारात आणल्यापासून तर वायफायचा प्लग आणि वायफायचा दिवा किराणा मालासारखा झाला. त्याचे गुण उघड आहेत. दोष मात्र वापरल्यावर कळतात. २४०० च्या पट्ट्यात वायफायचे एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच, क्रमांक १, ६ आणि ११. त्या तिघांत उल्हासनगरच्या एका गल्लीतले तीस राऊटर दाटीवाटीने बसतात, आणि स्वस्त उपकरणांना प्रायः हाच पट्टा समजतो, ५००० चा प्रशस्त पट्टा समजत नाही. नव्या राऊटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असले की उपकरण जोडताना मोबाईल एका पट्ट्यावर आणि दिवा दुसऱ्यावर अशी चुकामूक होते, आणि गृहस्थ अर्धा तास त्या लुकलुकणाऱ्या दिव्यासमोर हताश बसून राहतो. शिवाय वायफाय बोलण्यात खर्चिक आहे. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या वस्तूला तो खर्च परवडतो, परंतु दाराला चिकटवलेल्या, बटणाएवढ्या बॅटरीवर जगणाऱ्या संवेदकाला तो परवडत नाही.

दुसरा दोष आमच्या विजेच्या वहिवाटीशी निगडित आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि पहाटेच्या सुमारास परत आली; त्या क्षणी आमच्या घरातले पाचही स्मार्ट दिवे एकदम, पूर्ण प्रकाशात, पांढरेशुभ्र पेटले. वृद्ध मातोश्री उठून बसल्या आणि त्यांना वाटले गाडीची वेळ झाली. वीज परतली की पेटायचे, हा दिव्याचा उपजत स्वभाव कंपनीनेच ठरवलेला होता. राऊटर जागा व्हायला पुढे दोन-तीन मिनिटे लागतात, तोवर मोबाईलवरून ते विझवताही येईनात, आणि शेवटी भिंतीवरचे बटण दाबूनच सुटका झाली. ॲपच्या एका खोल कप्प्यात ‘पूर्वीच्या स्थितीत परत या’ असा पर्याय दडलेला होता, तो मी दुसऱ्या दिवशी शोधून काढला. तेव्हापासून कोणतेही उपकरण घेताना वीज परतल्यावर ते काय करील, हे मी सर्वांत आधी विचारतो.

झिगबीचा मार्ग याहून वेगळा. ८०२.१५.४ या मानकावर, जे २००३ साली निश्चित झाले, ही पद्धती उभी आहे, आणि तिचे नाव मधमाशीच्या नागमोडी नृत्यावरून घेतलेले आहे. तिचा वेग सेकंदाला अवघा २५० किलोबिट, म्हणजे चित्रफितीला निरुपयोगी. परंतु ‘दार उघडले’ एवढे सांगण्यासाठी वेग कशाला हवा? उलट ती इतकी मितभाषी आहे की दाराचा संवेदक एका लहान बॅटरीवर वर्ष-दोन वर्षे काढतो. तिचा मुख्य गुण हा, की घरातील विजेवर चालणारे प्रत्येक झिगबी उपकरण दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवते, त्यामुळे जाड भिंतीला वळसा घालून संदेश एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा हस्ते-परहस्ते जातो. काँक्रीटच्या सदनिकेत ही योजना फार उपयोगी पडते. मात्र त्यासाठी ती मधली उपकरणे सतत जागी हवीत, आणि इथे आपल्या संस्कारांशी गाठ पडते. ज्या घरात खोलीतून बाहेर पडताना दिवा बटणाने बंद करणे हा सदाचार मानला जातो, तेथे आजी दिवाणखान्यातला स्मार्ट दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद करते, त्याबरोबर निरोप्या नाहीसा होतो, आणि मागच्या बाल्कनीतला संवेदक मुका होतो. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. निरोप्याचे काम दिव्यांवर सोपवू नये. फ्रिजमागच्या, कोणाच्या हाताला न लागणाऱ्या प्लगवर सोपवावे.

झिगबी वायफायच्याच पट्ट्यात बोलते, हे तिचे दुर्दैव. तरी तिच्या सोळा मार्गांपैकी १५, २० आणि २५ हे वायफायच्या तीन मार्गांच्या फटींत बरोबर बसतात, आणि केंद्रस्थ खोके बसवतानाच त्यांतला एक निवडला, तर गजबजलेल्या कॅम्पातही निभाव लागतो. हे खोके, ज्याला हब म्हणतात, राऊटरला अगदी चिकटून ठेवू नये. हातभर तरी अंतर असावे. तुर्भ्याला स्वीडिश फर्निचरचे मोठे दुकान २०२० च्या डिसेंबरात उघडले तेव्हापासून झिगबीचे दिवे आणि बटणे आपल्या लोकांना प्रत्यक्ष हाताळून घेता येऊ लागली, हीही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

झेड-वेव्ह नावाची डेन्मार्कमध्ये जन्मलेली पद्धती, केवळ शास्त्राच्या कसोटीवर, आमच्या भिंतींना सर्वांत अनुकूल म्हणावी लागेल, कारण ती दुसऱ्या, लांब लहरींच्या पट्ट्यात बोलते आणि वायफायच्या कोलाहलापासून दूर राहते. भारतासाठी तिची कंप्रता ८६५.२ मेगाहर्ट्झ ठरलेली आहे. येथेच एक फसगत संभवते. न्यू जर्सीत राहणारा मुलगा किंवा पुतण्या सुट्टीवर येताना मोठ्या हौसेने झेड-वेव्हचे कुलूप घेऊन येतो. त्याची कंप्रता अमेरिकन, म्हणजे ९०८ च्या आसपास. ती आपल्याकडे मोबाईल कंपन्यांना दिलेल्या मुलुखात पडते, त्यामुळे ते कुलूप येथल्या हबशी बोलत नाहीच, शिवाय ते चालवणे कायद्याच्याही बाहेर जाते. असे एक कुलूप बदलापुरातील एका परिचितांच्या कपाटात डब्यासकट पडून आहे. भारतीय कंप्रतेचा माल मिळतो, परंतु इतका तुरळक आणि इतका महाग, की या पद्धतीची शिफारस करणे मला प्रशस्त वाटत नाही.

थ्रेड आणि मॅटर या दोन शब्दांनी अलीकडे ग्राहकांचा फार गोंधळ केला आहे, आणि दुकानदारांनी तो वाढवला आहे. २०१४ मध्ये पुढे आलेली थ्रेड ही झिगबीच्याच मानकावर उभी असलेली, परंतु प्रत्येक उपकरणाला इंटरनेटसारखा स्वतंत्र पत्ता देणारी वाट आहे. मॅटर ही वाटच नाही. ती भाषा आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि ज्या संस्थेने ती काढली ती पूर्वाश्रमीची झिगबी अलायन्सच होय. पत्र मराठीत लिहिले आहे एवढ्यावरून ते टपालाने आले की कोणाच्या हस्ते आले हे कळत नाही, त्याप्रमाणे खोक्यावर मॅटरचे चिन्ह आहे एवढ्यावरून आतली वस्तू वायफायवर चालते की थ्रेडवर हे कळत नाही, आणि थ्रेडवर असेल तर तिला सीमेवरचा नाकेदार, म्हणजे बॉर्डर राऊटर, घरात असावाच लागतो. तो नसताना थ्रेडचा संवेदक विकत घेणे म्हणजे पूल बांधण्याआधी पथकर भरणे होय. तथापि मॅटरचा एक गुण मान्य केला पाहिजे: निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू एका छत्राखाली आणण्याचा आणि हुकूम घरातल्या घरात तामील करण्याचा तहनामा तिने प्रथमच घडवून आणला. आज नवे काही घेणाराने, इतर गोष्टी समान असतील तर, मॅटरचे चिन्ह असलेली वस्तू घ्यावी.

दहाव्या शतकातील हॅरल्ड नावाच्या डॅनिश राजाचे टोपणनाव मिरवणाऱ्या ब्लूटूथविषयी थोडक्यात सांगता येईल. माणूस जवळ असतानाच ज्या वस्तूचे काम पडते, उदाहरणार्थ दाराचे कुलूप, तिला ते योग्य. ज्या वस्तूवर कुर्ल्याहून हुकूम सोडायचा तिला अयोग्य. साधे एसी आणि जुने दूरदर्शनसंच तर अजून तांबड्यापलीकडच्या अदृश्य किरणांवरच चालतात, आणि ते किरण पडद्याआडही जात नाहीत.

आता मी मूळ शंकेकडे, म्हणजे पंपाकडे, वळतो. उल्हासनगरला औद्योगिक विकास महामंडळाकडून बारवी धरणाचे पाणी मिळते. अंबरनाथ आणि बदलापूर यांचा पुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या हाती. पाणी येण्याची वेळ जितकी अनिश्चित तितके ते वर चढवण्याचे दायित्व मोठे, आणि तळटाकीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंतचा हा व्यवहार कोणत्याही रंगीत दिव्यापेक्षा सोसायटीच्या सभेत अधिक वादळे उठवतो. आमच्या इमारतीत वरच्या टाकीत वायफायचा संवेदक बसवला होता. तो आठ दिवस चालला. राऊटर दुसऱ्या मजल्यावर, मध्ये पाच स्लॅब, वर पत्र्याचे छप्पर, आणि वायरमनने संवेदकाचे यंत्र सोयीसाठी टाकीच्या झाकणाच्या आत टांगलेले. पाणी या लहरी शोषून घेते, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती आणि आमच्याही नाही. टाकी जशी भरत जाई तसा निरोप क्षीण होई, म्हणजे ज्या क्षणी पंप बंद होणे अगत्याचे त्याच क्षणी यंत्र गप्प बसे, आणि जिन्यावरून पाण्याचा धबधबा उतरे.

दुसऱ्या खेपेस लोरा पद्धतीचे, ८६५ च्या पट्ट्यात बोलणारे यंत्र आणले. ही पद्धती मूळ फ्रान्समधली; वेग अतिशय मंद, परंतु मोकळ्या रानात तिचा निरोप काही किलोमीटर जातो, मग पाच स्लॅब तिला जड नाहीत. या वेळी यंत्राची पेटी टाकीबाहेर, खांबावर, पत्र्याच्या कडेपलीकडे बसवली, आणि पेटीच्या भोकात सिलिकॉन भरून घेतले, कारण मुंग्या आणि पाली यांना विजेच्या उबेची ओढ असते. याहून महत्त्वाचा बदल खालच्या पेटीत केला: वरून दर मिनिटाला ‘आहे’ असा निरोप यायचा, आणि पाच मिनिटे तो आला नाही तर पंप आपणहून बंद व्हायचा. बिनतारी व्यवस्थेत निरोप न येणे हाही निरोपच मानला पाहिजे. परंतु कितीतरी उपकरणे मौनाचा अर्थ संमती असा लावतात. एवढे करूनही मी प्रांजळपणे सांगतो, की ज्या इमारतीत डक्टमधून तार खाली आणता येते, तेथे साधा फ्लोट आणि तार यांच्यापुढे कोणतीही लहर टिकत नाही. भाड्याच्या घरात किंवा जुन्या बांधकामात भिंत फोडता येत नाही. लहरींचे खरे क्षेत्र तेथे आहे.

भिंतीच्या आतली गोष्टही पाहण्यासारखी आहे. जुन्या इमारतींत पंख्या-दिव्याच्या बोर्डात पुष्कळदा न्यूट्रल तारच नसते. ती थेट दिव्याकडे गेलेली असते, त्यामुळे स्मार्ट स्विच बसवायला आलेला वायरमन बोर्ड उघडून मान हलवतो. शिवाय बोर्डामागे गाडलेली पेटी लोखंडी असते, आणि तिच्यात बसवलेल्या यंत्राचा आवाज पितळी डब्यात कोंडलेल्या माणसासारखा होतो. वायफायचे सामर्थ्य माहितीपत्रकात मोजलेले असते ते उघड्यावर.

लहर कोणतीही असो, हुकमाची कागदपत्रे कोणाच्या दप्तरी फिरतात, हा प्रश्न उरतोच. पुष्कळ वायफाय उपकरणांत दिवाणखान्यातला दिवा लावण्याचा हुकूम परदेशातील संगणकाला विचारून मग दिव्याकडे येतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीने पूर्वसूचना न देता आपले संगणक बंद केले, आणि पैसे मोजून घेतलेली उपकरणे लोकांच्या भिंतींवर एका रात्रीत मतिमंद झाली. २०१६ मध्ये मिराई नावाच्या उपद्रवी कार्यक्रमाने मूळचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे हजारोंनी ताब्यात घेऊन मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. म्हणून मी कॅमेरे वेगळ्या वायफायवर ठेवतो, आणि बाकीचा कारभार २०१३ पासून विकसित होत असलेल्या होम असिस्टंट या मुक्त प्रणालीवर, कपाटावरच्या एका लहान संगणकातून चालवतो. आमच्याकडे इंटरनेट केबलवाल्याच्या तारेने येते, आणि गल्लीच्या टोकाला त्याच्या पेटीची वीज गेली की आपल्या इन्व्हर्टरचा काही इलाज चालत नाही. अशा वेळी कुर्ल्याहून घर दिसत नाही, परंतु घरातल्या घरात दिवे, दार आणि पंप यांचे बोलणे चालू राहते. इन्व्हर्टरवर राऊटर आणि हब दोन्ही ठेवावेत. पुष्कळ लोक राऊटर ठेवतात आणि हब विसरतात.

उल्हास नदीच्या काठच्या लोकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जुलै २००५ मध्ये, आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये, जेव्हा बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली होती, तेव्हा सखल भागातील तळमजल्यांत पाणी शिरले. त्यानंतर पंपाचे नियंत्रण करणारी पेटी पुरुषभर उंचीवर नेण्याचा ठराव आमच्या सभेत वादाशिवाय मंजूर झाला, जे क्वचित घडते.

सध्या आमच्याकडे दिवे आणि दाराचे संवेदक झिगबीवर, गीझरचा प्लग आणि एसी वायफायवर, कुलूप ब्लूटूथवर आणि टाकी लोरावर आहे. एवढ्या चार भाषा बोलणाऱ्या घराला एकसूत्री म्हणता येणार नाही. पंपाच्या पेटीवर हिरवे-लाल जुने बटण तसेच ठेवले असून त्याखाली सेक्रेटरींनी पांढऱ्या रंगाने ‘हाताने’ असे लिहिले आहे. रात्रीच्या वॉचमनजवळ स्मार्टफोन नाही.